वाण्याच्या तराजूचा पासंग बघता, मग या मशीनचा कोण बघणार?

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. राजकारण नाही, रस्त्याचं टेंडर नाही, तरी विषय आपल्याच तालुक्यातल्या घराघरातला आहे. थायरॉइडचे पेशंट कुठल्या वाडीत नाहीत?

माझी काकी कुडपणला राहते. वय पासष्टच्या पुढे. गेल्या वर्षी होळीनंतर तिचं वजन उतरायला लागलं. हात थरथरायचे, छाती धडधडायची, रात्रभर झोप नाही. आधी घरात सगळ्यांनी 'उन्हाचं झालंय' म्हणून सोडून दिलं. मग पोलादपूरला दाखवलं, महाडला रक्त तपासलं. टी-३, टी-४ वाढलेलं, टीएसएच जवळपास शून्य. डॉक्टर म्हणाले, मुंबईला जाऊन आयोडीन अपटेक करून घ्या, मग ठरवू.

मुंबईला जायचं म्हणजे आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पहाटे जीपने खाली उतरायचं, पोलादपूरला गाडी धरायची आणि संध्याकाळी लालबागच्या गावकीच्या खोलीत पाठ टेकायची. तिथे एका खासगी सेंटरमध्ये काकीला आयोडीन-१३१ ची छोटी कॅप्सूल दिली. दुसऱ्या दिवशी गळ्यासमोर मशीनचं तोंड धरून मोजलं. रिपोर्ट आला, चोवीस तासांचा अपटेक ११ टक्के.

अकरा टक्क्यांचा अर्थ डॉक्टरांनी असा लावला की ग्रंथी जास्त काम करत नाही, तिला सूज आहे, साठलेलं हार्मोन गळतंय, आपोआप बसेल. त्या आकड्यावरून अर्थ बरोबरच होता. धडधडीची गोळी देऊन घरी पाठवलं. अडीच महिने आम्ही 'आपोआप बसेल' ची वाट बघितली. काकीचं आणखी सात किलो वजन गेलं. पाण्याचा हंडा उचलेना. जी बाई आयुष्यभर चढउताराच्या वाटेने डोक्यावर भारा घेऊन चालली, तिला उंबरा ओलांडताना धाप लागायची.

मग दुसऱ्या ठिकाणी पुन्हा अपटेक केला. ५१ टक्के.

काकीने मला विचारलं, "काय रं, तवा अकरा हुतं, आता एक्कावन कसं झालं? मी तर तीच हाय." मी पत्रकार माणूस, डिप्लोमा बातम्या लिहिण्याचा केलेला, मला तरी काय कळणार? पण प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या ठिकाणचा टेक्नॉलॉजिस्ट भला माणूस. त्याने आधी नेहमीचे प्रश्न विचारले. मधल्या काळात औषध बदललं का? डाय देऊन सीटी स्कॅन केला होता का? आयोडीनवालं कुठलं टॉनिक? काहीच नव्हतं. तेव्हा तो म्हणाला, "दादा, तिथल्या मशीनची त्या दिवशीची सेटिंग बघायला सांगा."

आम्ही गेलो. चार चकरा मारल्यावर तिथल्या मुख्य माणसाने कॉम्प्युटर उघडला आणि गप्प झाला. झालं होतं असं. काकीला द्यायची कॅप्सूल आदल्या दिवशी मोजली तेव्हा मशीनवर आयोडीन-१३१ ची सेटिंग होती. मधे दुसऱ्या पेशंटसाठी टेक्निशियमची सेटिंग लावली गेली. दुसऱ्या दिवशी काकीचा गळा मोजताना ती तशीच राहिली. पैसे परत दिले. माफी पण मागितली, तोंडी. कागदावर एक ओळ नाही.

त्या सेंटरचं नाव मी लिहिणार नाही, कमेंटमध्येही विचारू नका. मला त्या पोराची नोकरी घालवायची नाहीये. मला हे सांगायचंय की ही चूक होते कशी, आणि ती पेशंटला कधीच दिसत का नाही.

मशीन कसं मोजतं ते समजून घेतलं तर बाकीचं सोपं आहे. मला समजायला तीन बैठका लागल्या, तुम्हाला एका परिच्छेदात देतो. मशीनच्या तोंडाशी सोडियम आयोडाइडचा एक स्फटिक असतो. शरीरातून निघालेला गॅमा किरण त्यात आदळला की बारीकसा उजेड चमकतो. तो उजेड मागची नळी विजेच्या ठोक्यात बदलते. किरणाची ताकद जेवढी, तेवढा ठोका मोठा. प्रत्येक किरणोत्सारी पदार्थाची ताकद ठरलेली, जणू त्याचा आवाज. आयोडीन-१३१ चा मुख्य किरण ३६४ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा. टेक्निशियम-९९एम चा १४०. पेट स्कॅनला वापरतात त्या फ्लोरीन-१८ चा ५११. मशीनला सांगावं लागतं की अमुक ते अमुक आकाराचेच ठोके मोज, बाकी सोड. याला ते लोक विंडो म्हणतात. आयोडीनसाठी साधारण ३२८ ते ४००, टेक्निशियमसाठी १२६ ते १५४.

आता आयोडीन प्यालेल्या माणसाचा गळा टेक्निशियमच्या खिडकीतून बघितला तर काय होईल? शून्य येत नाही. शून्य आलं असतं तर कुणालाही संशय आला असता. आयोडीनचे काही किरण शरीरात आणि स्फटिकात धडकून अर्धवट ताकदीचे होतात, ते या खिडकीत येतात. म्हणजे आकडा येतो आणि तो खरा वाटतो, ही त्यातली गोम आहे. दुकानदाराने काटा चुकवला तर निदान हाताला वजन कळतं. इथे हाताला काय कळणार?

एक गोष्ट मात्र मला शिकायला मिळाली आणि ती मशीनवाल्यांच्या बाजूची आहे. अपटेक ही टक्केवारी आहे. कॅप्सूल आणि गळा, दोन्ही त्याच मशीनवर, तेवढ्याच अंतरावरून, त्याच खिडकीतून मोजले तर मशीन थोडं कमी-जास्त मोजत असलं तरी वरचं आणि खालचं कटून जातं. तराजूला पासंग असला तरी दोन्ही वस्तू त्याच तराजूवर तोलल्या तर त्यांचं प्रमाण बिघडत नाही, तसंच. आमच्या काकीच्या बाबतीत एक पारडं एका तराजूचं आणि दुसरं दुसऱ्याच तराजूचं लागलं, म्हणून घोटाळा झाला.

पण सगळीकडे असं कटत नाही. कार्यक्षमता म्हणजे एफिशियन्सी लागते तिथे तर अजिबात नाही.

कार्यक्षमता म्हणजे साधी गोष्ट. शंभर अणू फुटले तर मशीनने किती पकडले? काही किरण भलत्या दिशेला जातात, काही स्फटिकाच्या आरपार निघून जातात. ती काढायची कशी? ज्याची ताकद माहीत आहे असा नमुना ठेवायचा. समजा सीझियम-१३७ चा छोटा नमुना आहे, मिनिटाला २,२२,००० अणू फुटतात. मशीन दाखवतं ४५,०००. नमुना काढून घेतला तरी खोलीतून, भिंतीतून, आकाशातून येणारे ६०० येतातच. ते वजा केले, ४४,४०० राहिले. म्हणजे मशीन शंभरातले २० पकडतं. आठवी-नववीचं गणित आहे.

पण हे २० टक्के सीझियमचे. सीझियमचा किरण ६६२ चा, जोरदार, बराचसा स्फटिकातून आरपार जाणारा. आयोडीनचा त्यापेक्षा मऊ, जास्त अडकतो. शिवाय शंभर आयोडीन अणू फुटले की ३६४ चा किरण साधारण ८१ वेळाच निघतो. म्हणून सीझियमची कार्यक्षमता आयोडीनला लावायची नाही. प्रत्येक आयसोटोपची वेगळी काढायची आणि मशीनमध्ये वेगळी भरायची. बाटली, नळी, सिरिंज, भांडं बदललं, आत द्रव किती आहे ते बदललं, तरी फरक पडतो.

त्यात तारखेची भानगड. सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षं, दरवर्षी जेमतेम सव्वादोन टक्के कमी होतं. पण कोबाल्ट-५७ चा नमुना असेल तर २७२ दिवसांत अर्धा. वर्षाने शंभराचे ३९ उरतात. आता कुणी लेबलावरचा जुना आकडा तसाच भरला तर मशीनला वाटणार आपण फारच कमी पकडतोय. पन्नास टक्क्यांची कार्यक्षमता वीसच्या आसपास निघणार. आणि मग पुढे खरा शंभर असलेला नमुना अडीचशे दाखवणार. एका तारखेच्या चुकीने! आपल्याकडे सातबाऱ्यावर एक शून्य चुकलं की दोन पिढ्या कोर्टात जातात, त्यातलाच प्रकार.

रक्ताच्या तपासण्यांचंही हेच होतं. आता बहुतेक लॅबमध्ये उजेडावर चालणारी नवी यंत्रं आली, पण बरीच वर्षं टी-३, टी-४, टीएसएच हे आयोडीन-१२५ लावलेल्या किटवर मोजलं जायचं आणि अजूनही काही ठिकाणी मोजतात. ती पद्धत शोधणाऱ्यांपैकी रोझलिन यालो यांना १९७७ चं नोबेल मिळालं. त्या मशीनमध्ये एका वेळी दहा-दहा नळ्या मोजायला वेगवेगळ्या विहिरी असतात. प्रत्येक विहिरीचा स्फटिक वेगळा, म्हणून पकडही थोडी वेगळी. सगळ्या एका पातळीला आणल्या नाहीत तर सात नंबरच्या विहिरीत ज्याची नळी पडेल त्याचा रिपोर्ट कायम कमी. पेशंट बिचारा गोळ्या वाढवत बसणार.

आणि औषधाचा डोस देताना वापरतात ते डोस कॅलिब्रेटर तर याहून भोळं यंत्र. त्याला खिडकीच नसते. दाबलेल्या वायूची एक विहीर, आत बाटली सोडली की किरणांमुळे विजेचा बारीक प्रवाह वाहतो, बस. आत आयोडीन आहे की टेक्निशियम, ते त्याला ओळखता येत नाही. आपण बटण दाबून सांगायचं, हे आयोडीन आहे. तो त्या प्रवाहाला आयोडीनच्या आकड्याने गुणतो. चुकीचं बटण दाबलं तर चुकीच्या आकड्याने गुणतो. लाल दिवा नाही, भोंगा नाही. थायरॉइड जास्त झालेल्याला साधारण पाच ते पंधरा मिलिक्युरी देतात, कॅन्सरच्या पेशंटला शंभर किंवा त्याहून जास्तही. तिथे हा आकडाच डोस आहे.

आता तुम्ही म्हणाल, यावर कुणाचं लक्ष नाही का? आहे. आणि हे लिहिलं नाही तर माझी पोस्ट खोटी होईल.

१९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ झालं, आपल्याच मुंबईत, अणुशक्तीनगरला. २००४ चे विकिरण संरक्षण नियम आहेत. परवान्याशिवाय न्यूक्लिअर मेडिसिन चालवता येत नाही, सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. डोस कॅलिब्रेटर रोज एका लांब आयुष्याच्या नमुन्यावर तपासायचा, ठरावीक काळाने कमी-जास्त ताकदीवर सरळ मोजतो का ते बघायचं, हे सगळं ठरलेलं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने तर देशभरातल्या केंद्रांना मोजून ठेवलेलं आयोडीन-१३१ पाठवून 'तुमच्या मशीनवर किती येतं ते कळवा' अशी पडताळणीही घेतलेली आहे. शाळेच्या परीक्षेसारखी. उत्तरपत्रिका सरकारकडे, पेपर सगळ्यांना सारखा. ही खरी चांगली पद्धत.

आणि परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. १९६३ पासून. आपल्या गिरणी कामगारांच्या चाळींच्या शेजारी, टाटा हॉस्पिटलच्या जवळच. आपल्या भागातले किती लोक तिथे जाऊन बरे होऊन आले! देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन तिथेच २००२ मध्ये बसलं. हे काम करणारे डॉक्टर आणि टेक्नॉलॉजिस्ट तयार करणारे अभ्यासक्रमही तिथे चालतात. आयोडीन ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतून निघतं. म्हणजे ज्ञान, माल, माणसं, नियम, सगळं आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे. त्यामुळे ही पोस्ट वाचून कुणी घाबरून उपचार थांबवला तर मला वाईट वाटेल. काकीला शेवटी आयोडीननेच गुण आला.

तिच्या डोसची पण गंमत आहे. मंगळवारची तारीख मिळालेली. सोमवारी रात्री कोसळला, वाटेत झाड आणि माती आली, गाडी खाली उतरेना. जुलै २०२१ नंतर आपल्याकडे डोंगर घसरला म्हटलं की कुणी धाडस करत नाही. तळीये, केवनाळे, साखर सुतारवाडी डोळ्यांसमोर येतात. आम्ही गुरुवारी पोचलो. मला वाटलं, दोन दिवसांनी काय बिघडतं? तर आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं, रोज आठ टक्क्यांहून जास्त कमी होतं. मंगळवारचे शंभर गुरुवारी ८४. त्या माणसाने पुन्हा मोजलं, बाटलीतून थोडं जास्त घेतलं, पुन्हा मोजलं, वहीत वेळ लिहिली आणि मग काकीच्या हातात स्ट्रॉ दिली. मी शेजारच्या खोलीतून काचेतून बघत होतो. त्याने आकडा मोठ्याने वाचला आणि दुसऱ्याने तो परत वाचला. एवढंच हवंय हो. मी खर्चिक काही मागत नाहीये.

घरी आल्यावर वेगळाच ताप. सांगितलेले दिवस काकी पडवीत वेगळी झोपली, नातीला सुनेने माहेरी नेलं. ते बरोबरच होतं, कागदावर लिहून दिलेलं. पण दिवस संपले तरी बायका विहिरीवर तिच्यापासून लांब. कुणी म्हणे हिच्या अंगातून किरण निघतात, कुणी म्हणे भांडी पुरा. गणपतीला आरतीला बोलावलं पण प्रसाद तिच्या हातचा घेईनात. मी वाडीत पाटीवर खडूने गणित मांडलं. आठ दिवसांनी अर्धं, सोळा दिवसांनी पाव, ऐंशी दिवसांनी हजारातला एक भाग, आणि बरंचसं तर पहिल्या काही दिवसांत लघवीवाटे निघून गेलेलं. एक आजोबा म्हणाले, "मग ह्ये डॉक्टरनी का नाय सांगितलं?" खरंय. आकडे लपवले की त्यांच्या जागी अफवा येऊन बसतात.

आता माझं म्हणणं. पेट्रोल पंपावर तुम्ही पाच लिटरचं माप मागू शकता, पंपवाल्याला द्यावं लागतं. वाण्याच्या काट्यावर वैधमापनचा शिक्का नसेल तर तक्रार करता येते. रेशन दुकानात काटा बघायला आपण शिकलो, भांडून शिकलो. मग ज्या आकड्यावर माझ्या काकीचे अडीच महिने गेले, तो आकडा ज्या मशीनने काढला त्याची त्या दिवशीची तपासणी मला का दिसू नये? सेंटर ती नोंद ठेवतंच. रिपोर्टच्या तळाशी तीन ओळी छापायला काय जातं? कुठला आयसोटोप निवडला होता. सकाळच्या तपासणीत मशीन ठीक होतं का. कॅप्सूल आणि गळा एकाच सेटिंगवर मोजले का. डोस दिला असेल तर किती, किती वाजता मोजला. नियामक मंडळाने एक परिपत्रक काढलं तर काम होईल.

माझ्या ओळखीचे एक डॉक्टर यावर म्हणाले की सामान्य माणसाला हे आकडे कळत नाहीत, उगाच संशय वाढेल. डॉक्टरांचा मान ठेवून सांगतो, पटत नाही. काकीला ३६४ म्हणजे काय कळत नाही, पण 'आयोडीन' आणि 'टेक्निशियम' हे दोन वेगळे शब्द आहेत हे सातवी शिकलेल्या नातवाला कळतं. आणि पेशंटला नाही कळलं तरी पुढच्या डॉक्टरला कळतं. आमच्या महाडच्या डॉक्टरांसमोर ती ओळ असती तर त्यांनी त्याच दिवशी परत पाठवलं असतं. आणि खरं सांगू का, आपल्याला छापायचंय म्हटलं की सही करणारा एकदा स्क्रीनकडे बघतो. छापील बातमी आणि तोंडी बातमी यातला फरक मी वीस वर्षं बघतोय.

दुसरं. सरकार मशीन घेतं तेव्हा फीत कापतात, फोटो येतात, आम्हीच छापतो. मशीन चालवणाऱ्या माणसाची जागा भरली का, हे विचारायला आम्ही विसरतो. यात माझीही चूक आहे. कॅन्सरच्या उपचाराची केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत हवीत अशी मागणी आपण सगळेच करतो आणि ती योग्यच आहे, कुडपणहून परळ गाठणं काय असतं ते आम्हाला विचारा. पण मशीनबरोबर प्रशिक्षित टेक्नॉलॉजिस्ट, तपासणीचे नमुने, आणि ते जुने झाले की नवे घ्यायचे पैसे, हे त्याच टेंडरमध्ये पाहिजे. आणि वीज. हा स्फटिक आणि मागची नळी तापमानाने, विजेच्या चढउताराने सरकतात, मग ३६४ चा ठोका ३४० ला दिसायला लागतो. म्हणून रोज सकाळी जागेवर आणावं लागतं. आपल्याकडे पावसात दोन-दोन दिवस लाइट नसते. एसी बंद, मशीन बंद, आणि लाइट आल्यावर समोर रांग. त्या घाईत तपासणी कोण करणार, हे आधी ठरवा, मग फीत कापा.

ज्यांच्या घरी थायरॉइड स्कॅन, अपटेक, बोन स्कॅन किंवा पेटचे जुने रिपोर्ट असतील त्यांनी जरा काढून बघा. त्यावर आयसोटोपचं नाव, दिलेली मात्रा आणि वेळ लिहिलेली आहे का? कमेंटमध्ये फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच लिहा. पेशंटचं नाव नको, रिपोर्टचा फोटो नको, सेंटरचं नाव नको. पन्नासेक उत्तरं जमली की मी ती मोजून नियामक मंडळाला आणि आपल्या आमदारांना पत्र पाठवणार आहे, पत्र इथेही टाकीन.

काकीचं वजन आता चार किलो भरलंय. परवा स्वतः नाचणीचं दळण घेऊन गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे, मी सोबत जातोय. तिने आत्ताच बजावलंय, "त्या पोराला इचार, आज कुठलं बटण दाबलंय."